गच्चीवरचे आमदार

एकही निवडणूक न जिंकता आपल्या मतदारांना दर आठवड्याला देशाच्या कारभाराची खबर देणारा लोकप्रतिनिधी मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही कुवेतमध्ये. तिथल्या मिरकाब वस्तीतल्या आमच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडची मंडळी राहत. कुणी शिंपी, कुणी स्वयंपाकी, कुणी बंदरावर मिस्त्री. हे गृहस्थ त्यांच्यातच राहत आणि एका जहाज एजंटाच्या कचेरीत कारकुनी करत. सगळे त्यांना मामू म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मी तेव्हा लग्न होऊन पुण्याहून नुकतीच आले होते आणि दुपारभर करण्यासारखं मला काही नसे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत मामू त्यांच्या खाडीकाठच्या भागातून अपक्ष उभे राहिले होते. अनामतसुद्धा गेली. पण प्रचारात ते गावोगाव सांगून बसले होते की, ‘मुंबईत सरकार काय करतं, दिल्लीत काय ठरतं, ते मी दर आठवड्याला येऊन तुम्हांला सांगेन.’ पुढे पोटासाठी कुवेतला आले, तर वरच्या मजल्यावर त्यांच्याच भागातली माणसं राहत असलेली निघाली. त्यातल्या बहुतेकांनी मत दुसऱ्यालाच दिलं होतं. मामूंनी ते मनावर घेतलं नाही. “मत दिलं नाय म्हणून मतदार नाय, असं कुठं हाय?” ते म्हणत.

शुक्रवारी दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की गच्चीवर चटई पडे. उन्हाची धग अजून सिमेंटातून वर येत असे, पण मामूंच्या अंगात काळा कोट असायचाच. एरवी घरच्या बोलीत बोलणारा हा माणूस कोट चढवला की छापील मराठीत शिरायचा. “सन्माननीय मतदारबंधूंनो,” अशी सुरुवात होई. मी वाळलेले कपडे काढायला गेले असले तर ते थांबून “आणि भगिनी” असं म्हणत. त्या एका शब्दासाठी मी कपडे शुक्रवारीच धुऊ लागले.

त्यांची वर्तमानपत्रं मुंबईहून येणाऱ्या बोटींवरचे खलाशी आणून देत, त्यामुळे त्यांचा देश आमच्या देशापेक्षा काही आठवडे मागे असे. बंदरावरून कुणी ताजी बातमी आणली, तर मामू हात वर करून त्याला अडवत. “ती बाब अद्याप सभागृहासमोर आलेली नाही,” ते शांतपणे सांगत. एकदा एक मंत्री राजीनामा देऊन मोकळा झाल्याचं अख्ख्या मिरकाबाला ठाऊक होतं. आमच्या गच्चीवर तो पुढचे दोन शुक्रवार कारभार करत होता.

सभागृह म्हटलं की विरोधी पक्ष हवाच, म्हणून त्यांनी हुसेन नावाच्या शिंप्याची त्या जागी नेमणूक केली होती. हुसेन स्वभावाने इतका गरीब की, गिऱ्हाईकाने उसवलेली बाही परत आणली तर तोच माफी मागायचा. मामू त्याला आदल्या दिवशी प्रश्न पढवून ठेवत आणि उत्तर देताना त्याच्यावर चिडतही. मग हुसेन हळूच म्हणे, “मामू, तुम्हीच तर सांगितलंत.” सभा संपवताना मामू सगळ्यांकडे बघून विचारत, “काही शंका आहे का?”

सगळ्यांचा आवडता विषय धरणांचा. पंचवार्षिक योजनेत कुठे बांध पडतोय, कालवा किती गावांतून जाणार, हे मामू डोळे मिटून सांगायचे. खाली गल्लीत पाण्याचा टँकर उभा असे, वाळूचा बारीक थर सगळ्यांच्या पापण्यांवर, आणि त्या धुरकट पिवळ्या उजेडात मामूंच्या तोंडून पाणी वाहत असे. ऊस उभा राही, म्हशी डुंबत. एकदा स्वयंपाकी म्हणाला, “मामू, तां पानी गोडा हाय ना?” मामूंनी डोळे उघडले, कागद पाहिला आणि म्हणाले, “कागदात लिहिलेलं नाही. पण गोडंच असणार.”

एका शुक्रवारी मात्र कासम मिस्त्री मध्येच उठला. आदल्या आठवड्यात बोटीने आलेल्या गाववाल्याने त्याला घरची बातमी दिली होती. बायकोचे दिवस भरले होते, कळा सुरू झाल्या तेव्हा ओहोटी होती. दवाखान्याच्या गावी नेणारी लाँच काठाला लागेना. चौघांनी बाज खांद्यावर घेऊन तिला चिखलातून लाँचपर्यंत नेलं. ती वाचली, मूल गेलं.

“मामू,” कासम म्हणाला, “धरणं झाली, पोलाद झालं. आपल्या खाडीत लाँच लागायला धक्का कधी होनार?”

मामूंनी कागदांत पाहिलं. मग कागदांची घडी केली, कोट काढला आणि खाली निघून गेले. त्या दिवशी सभा तिथेच संपली.

पुढच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. कचेरीने रजा नाकारली, तेव्हा मामूंनी नोकरी सोडली आणि मुंबईची बोट धरली. आमचे हे म्हणाले, “या वयात हे काय सुचलं यांना?”

काही महिन्यांनी ते परत आले, उन्हाने आणखी काळे होऊन. शुक्रवारी कोट घालून उभे राहिले आणि हकिगत सांगितली. अर्ज भरल्यावर तिथले बडे आमदार स्वतः घरी आले होते. खाडीकाठची मतं फुटतील म्हणून अर्ज मागे घ्या, असं सांगायला. मामू त्यांना म्हणाले, “येतो बोलायला, पण आधी माझ्याबरोबर लाँचपर्यंत चला.” वेळ अर्थातच ओहोटीची होती. आमदारसाहेब धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून चिखलात उतरले. अर्ध्या वाटेत एक वहाण रुतली ती रुतलीच. तिथेच उभे राहून ते म्हणाले, “धक्का होईल. अर्ज मागे घ्या.” मामूंनी सांगितलं, “आधी दगड, मग अर्ज.” अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी धक्क्यासाठी दगड भरलेला मालवाहू पडाव खाडीत शिरला. दुपारी मामूंनी आपलं नाव काढून घेतलं.

“पुरा झाला?” कासमने विचारलं.

“मी निघालो तेव्हा अर्धा झाला होता,” मामू म्हणाले. “अर्ध्याला मी पुरा म्हणणार नाही.”

कासम उठला. त्याने मामूंसाठी पाणी आणलं. ते पिऊन मामू अन्नधान्याच्या धोरणाकडे वळले.

जुनी नोकरी परत मिळाली नाही. शहराबाहेर दूर, मीना अब्दुल्ला नावाच्या बंदरावर, त्यांना एका ठेकेदाराच्या गुदामात काम मिळालं, राहायचीही सोय तिकडेच. तरी शुक्रवारी ते कुठल्या तरी ट्रकमधून मिरकाबात येत. कोट मात्र धूळ लागू नये म्हणून उलटा घडी करून मांडीवर. असं पुष्कळ दिवस चाललं. मग गुडघे दुखू लागले, घरून मुलाने बोलावलं आणि एका थंडीत ते कायमचे गेले. जाताना मला म्हणाले, “वहिनीबाई, भगिनींची उपस्थिती कमी होती, पण नियमित होती.”

त्यानंतर वरच्या मंडळींनी मिळून एक रेडिओ घेतला. शुक्रवारी तो गच्चीवर आणून ठेवत. बातम्या त्याच दिवशीच्या असत, स्वच्छ आवाजात, एकही चूक नाही. मी कपडे काढता काढता ऐकत उभी राही. बातम्या संपत, कुणी तरी बटण फिरवे, आणि तरीही चटईवरून कुणी उठत नसे. समुद्राकडून वारा सुटलेला असे. आम्ही सगळे थोडा वेळ तसेच थांबत असू; सांगणाऱ्याने आमच्याकडे बघून विचारावं, काही शंका आहे का, म्हणून.