मागाहून उमटणारा बाण

यज्ञेश्वर देव यवतमाळच्या कोर्टातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. साक्षीदार पलटतो, वकील फिरवतात, कागद मात्र बोलला ते बोलला, ही त्यांची पक्की समजूत. भाजीत मीठ जास्त झालं तरी ते पुरावा मागत. पत्नी रजनीताई हसून सोडून देत. मुलगा क्षितिज हसत नसे.

क्षितिज घरी बसून शेअर बाजारात सौदे करायचा. फार नाही, पण बरं चाललं होतं. बरं चाललेलं तसंच चालू देतील तर ते यज्ञेश्वर कसले! अमरावतीच्या एका क्लासवाल्याकडून त्यांनी इंडिकेटर आणला. चार्टवर हिरवा बाण आला की घ्यायचं, लाल आला की विकायचं. क्लासवाल्याकडेच जुने चार्ट उघडून त्यांनी स्वतः तपासलं होतं. प्रत्येक उताराच्या तळाशी हिरवा, प्रत्येक चढाच्या टोकाला लाल. "रेकॉर्डच बोलून राह्यलं, अजून काय पाह्यजे?" क्षितिजनं नाइलाजानं इंडिकेटरची फाइल सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये टाकली, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला आणि यादीतला इंडिकेटर चार्टवर लावला.

तेव्हापासून घराचं कोर्ट झालं. बाजार बंद झाला की वडील खुर्ची ओढून बसत आणि पडद्यावर बोट ठेवत.

"हा बाण दिसला नाही तुले? इथं काहून विकलं?"

"बाबा, तेव्हा तिथं बाण नव्हता."

"समोर दिसून राह्यला अन् नव्हता म्हणतो? खोटं तरी धड बोल."

रोज हेच. पोरगं आधी भांडलं, मग गप्प झालं, मग गुपचूप डोळे तपासून आलं. नंबर काही निघाला नाही. तेव्हा वडील म्हणाले, दोष डोळ्यांत नाही, डोक्यात आहे. पाहुण्यांसमोरही म्हणाले. दिवाळीच्या आधी क्षितिज लॅपटॉप घरीच ठेवून वणीजवळच्या राजूरला गेला आणि कोळशाच्या वजनकाट्यावर नोकरीला लागला.

मग यज्ञेश्वर स्वतः चार्टसमोर बसले. हिरवा बाण आला तशी त्यांनी रजनीताईंना हाक मारली. त्या येईपर्यंत भाव पडला आणि बाण नाहीसा झाला. थोड्या वेळानं तोच बाण आणखी खाली, नेमका तळाशी जाऊन बसला. जणू पहिल्यापासून तिथंच होता. दुपारपर्यंत असं कितीदा तरी झालं. घडून गेलेलं पाहून हा इंडिकेटर मागची नोंद बदलत होता. जन्मभर दुसऱ्यांची खाडाखोड पकडणाऱ्या माणसाला ही दिसली नव्हती, आणि पोरगं तर रोज सांगत होतं.

संतापानं त्यांनी तो चार्टवरून काढला, फोल्डरमधली फाइलही कायमची पुसली आणि दुसऱ्या दिवशी वणीची एसटी धरली.

काट्याच्या केबिनमध्ये क्षितिज एकटाच होता. ट्रक उभा राहिला. त्यानं आकडा पाहिला, तरी खिडकीतून ड्रायव्हरला विचारलं, "किती दिसून राह्यलं तुमाले?" ड्रायव्हरनं सांगितल्यावरच त्यानं पावती दिली. यज्ञेश्वर केबिनमध्ये शिरले.

"क्षितिज, तू खरं बोलत होता. बाण नव्हताच तिथं. मागाहून येत होता. चुकलं माझं."

क्षितिजनं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. "राहू द्या बाबा. मले बरं वाटावं म्हणून इतक्या दूर आले तुम्ही."

"अरे, माझ्या डोळ्यानं पाह्यलं मी!"

"दाखवा मग."

यज्ञेश्वरांनी खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. इंडिकेटर त्यांनीच पुसला होता, आणि क्लासवाल्याचा फोन केव्हाच बंद झाला होता.

"बाण होता, बाबा," क्षितिज त्यांची समजूत घालत म्हणाला. "मलेच दिसत नाही."