तांदळाच्या डब्यातली बाटली

मंजुळा गेली तेव्हा मी चहा आणायला खाली उतरलो होतो. मुंबईच्या त्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर टपरी होती. मी दोन चहा घेतले, कारण आमची मुलगी शालू सकाळपासून आईजवळ उपाशीच बसली होती. जिना चढून वर आलो तर शालू वॉर्डाच्या दारात उभी. माझ्या हातातले दोन्ही ग्लास घेतले आणि खिडकीत ठेवले… तेवढ्यावरून मला कळलं. आत फिनेलचा वास होता, औषधांचा होता. मी वाकून मंजुळेच्या हातांचा वास घेतला. जन्मभर मासळीत गेलेले हात, पण त्यांना कसलाच वास राहिला नव्हता. नर्सने पुसले असतील. त्याला आता दोन महिने होत आले. शालू म्हणते, बाबा, लिहून काढा, आपण पेपरला देऊ. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सजवून लिहिणं मला जमत नाही. झालं ते लिहितो.

आम्ही दांडीचे, तारापूरजवळच्या समुद्रकाठच्या गावचे. बाप होडीवर होता, मीही होडीवर होतो, पण कंबर धरली तसा बोईसरला एका केमिकलच्या कारखान्यात पिंपं हलवायच्या कामाला लागलो. मंजुळा मासळी विकायची. पाटी डोक्यावर घेऊन तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत दारोदार जायची. तिच्या नाकाचा गावात दरारा होता. कुणी सुके बोंबील भरून ठेवायला घेतले की आधी मंजुळेला दाखवायचे. ती एक काडी मोडून हुंगायची आणि सांगायची, "हे आतून ओले हायेत, महिन्यात किडे पडतील." पडायचेच. पण खरं काम तिचं नाक करायचं ते संध्याकाळी. वारा फिरून जमिनीकडून यायला लागला की कारखान्यांचा वास गावात उतरायचा. ती ओट्यावर यायची, मान वर करायची आणि ओरडायची, "आज आंबट हाय गो, दारं लावा!" गल्लीतली दारं लागायची. माझं स्वतःचं नाक पिंपांनी अर्धं खाल्लेलं. मला वास यायचा तो डोळे चुरचुरायला लागल्यावर. आमच्या भागात वास म्हणजे हौसेची गोष्ट नाही. वास आला म्हणजे कुठेतरी काहीतरी सुटलंय, आता पोरांना आत घ्या.

कॉलनीत तिचं एक मल्याळी घर होतं. नवरा केंद्रात नोकरीला. बाईंना सगळे अम्मा म्हणायचे. तारली आणि बांगडा रोज लागायचा, त्यामुळे मंजुळेची पाटी तिथेच निम्मी रिकामी व्हायची. अम्माची हिंदी केरळची, मंजुळेची हिंदी दांडीची, पण दोघी तासतास बोलायच्या. एका नाताळला अम्माने केकचा तुकडा दिला. मंजुळेने तो खाल्लाच नाही, पदराखाली धरून घरी आणला. मला म्हणाली, "हुंगून बघा." मी म्हटलं, खायची वस्तू आहे, खा. ती म्हणाली, "ह्या वासाला भीती नाय." एवढंच बोलली, आणि मग शालूला भरवला.

तो वास व्हॅनिलाचा. अम्माच्या भावाच्या वाडीत त्याचे वेल होते. दरवर्षी मे महिन्यात अम्मा माहेरी जायची आणि जेठात परत येताना काळ्या, मऊ, वाळलेल्या शेंगा मंजुळेसाठी घेऊन यायची. त्या चिरून दारूत घालायच्या, अंधारात ठेवायच्या, मधून मधून उलट्या-सुलट्या करायच्या आणि नाताळपर्यंत वाट बघायची. अम्माची अट एकच, हाताला मासळीचा वास नको. आता कोळणीचा हात बिनवासाचा कधी व्हायचा? तर पावसाळ्यात. होड्या वर ओढल्या, जाळी गुंडाळली, की नारळी पौर्णिमेपर्यंत धंदा बंद. नेमक्या त्याच दिवसांत शेंगा यायच्या. मंजुळा चिंचेने, राखेने, लिंबाने हात घासायची, दोन-चार दिवस सुकं सुद्धा शिजवायची नाही, आम्हाला डाळीवर ठेवायची, आणि मग पाटावर बसून शेंगा चिरायची. घरात त्या बाटलीला नाव पडलं, अम्माचं पाणी.

पहिल्या वर्षी मात्र गंमत झाली. अम्माने सांगितलं होतं, दारूमध्ये ठेव. मी विचारलं, "कुठली दारू, ते इचारलंस का?"

"दारू ती दारू. तुमाला पिताना कधी प्रश्न पडला का?"

आमच्याकडे सहज मिळते ती ताडी. तिने ताजी ताडी भरली, शेंगा घातल्या, बूच ठोकून बसवलं, वर सुतळी बांधली आणि बाटली तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात पुरली. अंधार हवा ना! दोन दिवसांनी दुपारी आम्ही जेवत होतो आणि आतल्या खोलीत धडाम झालं. डब्याचं झाकण छपराला लागलं. मला काय सुचणार? मी म्हटलं कारखाना गेला. शालूला काखेत मारली आणि समुद्राकडे पळत सुटलो. मला बघून अर्धी गल्ली माझ्यामागे. किनाऱ्यावर पोचलो, मागे बघतो तर मंजुळा दारात कमरेवर हात ठेवून उभी. "या परत! कारखाना नाय फुटला, माझी बाटली फुटली!" मग जे हसले लोक… गल्लीतली म्हातारी म्हणाली, "पोर उचलली नि बायको ठेवली व्हय रे मागं?" काचा निवडून त्या तांदळाचा भात आम्ही संपेपर्यंत खाल्ला, गोड वासाचा. आणि मंजुळेने ते पळणं मला कधी विसरू दिलं नाही. भांडण कशावरूनही असो, शेवट ठरलेला, "तुमी काय, मला टाकून पळणारे."

पुढच्या वर्षी अम्मानेच नीट समजावलं आणि मी बोईसरच्या दुकानातून रम आणली. तेव्हापासून बाटली फुटली नाही. अम्माच्या ओळखीने बोईसरचे बेकरीवाले रशीदभाई नाताळच्या केकसाठी घ्यायला लागले. आधी ते कुरकुरले होते, मच्छीवालीच्या हातचं कसं घालू म्हणून. मंजुळेने बाटली उघडून त्यांच्या नाकाखाली धरली, मग गप्प झाले. दरवर्षी एक बाटली. कधी द्यायची ते मंजुळा ठरवायची. रविवारी दुपारी तांदळातून बाटली काढायची, बूच काढून हुंगायची आणि म्हणायची, "अजून नाय." असं करता करता एका रविवारी म्हणायची, "झालं." त्याच्या आधी रशीदभाई काय, कुणीही आलं तरी मिळायची नाही.

वर्षं गेली. शालूचं लग्न होऊन ती सफाळ्याला गेली, मी कारखान्यातून सुटलो. अम्माचे यजमान निवृत्त झाले आणि ते लोक केरळला निघाले. जाताना अम्माने शेंगांची मोठी जुडी दिली, म्हणाली, आता माझं येणं नाही, ही शेवटची. दोघी कॉलनीच्या फाटकात रडल्या. मंजुळेने ती सगळी जुडी एकाच मोठ्या बाटलीत घातली. म्हणाली, ही घाईने काढायची नाय.

त्याच पावसाळ्यानंतरची गोष्ट. होड्या पाण्यात गेल्या होत्या, संध्याकाळी ओट्यावर बायका करंदी, ती बारीक कोळंबी, निवडत बसल्या होत्या. वारा फिरला. मला, माझ्यासारख्याला, घशात झोंबलं. बायकांनी पदर नाकाला लावले, एकीने पोराला आत ढकललं… आणि मंजुळा तशीच करंदी निवडत होती. मान वर नाही, हाक नाही. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या तेव्हा तिने इकडे तिकडे बघितलं आणि सावकाश पदर नाकाला लावला. म्हणाली, "व्हय, आंबट हाय." आंबट नव्हता. त्या दिवशीचा वास सडक्या अंड्यासारखा होता.

त्या संध्याकाळपासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. कालवण तळाला लागलं तरी तिला कळेना. कॉलनीतल्या एका गिऱ्हाइकाने पापलेट परत पाठवलं, तिच्या जन्मात असं झालं नव्हतं. ती म्हणाली, बर्फ खराब होता. शालूने घेऊन दिलेला गॅस घरात होता आणि मला तर तो वाघ बांधल्यासारखा वाटायचा. ती चहा ठेवायची आणि मी तिच्यामागे जाऊन बटण बघायचो. बाजाराला गेलो तर अर्ध्या वाटेतून परत यायचो. दारात आलो की आधी नाक पुढे करायचो, मग पाय. ती चिडायची. "बाईमानसासारखे चुलीपाशी काय बसता? जावा, पत्ते खेळा." मी म्हणायचो, थंडी वाजते. वैशाखात!

बोलायला काय होतं, असं तुम्ही म्हणाल. मंजुळे, तुझं नाक गेलंय, डॉक्टरकडे चल, एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्या नाकावर तिचं सगळं होतं. धंदा होता, गावातली पत होती. मी बोललो की ते गेलंच, असं मला वाटायचं. आणि नाक जातं ते एकटं जात नाही, त्यामागे काहीतरी असणार, तेही मला आत कुठेतरी कळत होतं. म्हणून मी गप्प. ती दर रविवारी बाटली काढायची. स्वतः हुंगायची, मग माझ्या नाकाखाली धरायची, तशी ती आधी कधी धरायची नाही. "कसा येतो?"

अर्धं गेलेलं माझं नाक, पण त्या बाटलीचा वास असा यायचा की डोळे मिटावेत. मी म्हणायचो, "तूच सांग. मला काय कळतं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मग बूच लावायची. "अजून नाय."

नाताळ आला. रशीदभाई दारात, "काकी, बोतल तैयार हुई क्या?" अजून नाय. पुढचा नाताळ आला. अजून नाय. रशीदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "चाचा, काकी नाराज है क्या?"

मग तिचं डोकं दुखायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या. शालू आली आणि आम्ही पालघरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली, चालायला लावलं, आणि सहज विचारलं, "आजी, वास येतो का नीट?" मी मध्येच तोंड घालणार, येतो येतो म्हणणार, तेवढ्यात मंजुळा शांतपणे म्हणाली, "नाय येत. ही शेवटची बाटली भरली तवापासून नाय." डॉक्टरांना बाटली कळली नाही. मला कळली.

येताना एसटीत शालू पुढे बसली होती. मी म्हटलं, "मंग मला का नाय बोललीस?"

"तुमी तरी कुठं बोललात? चुलीपाशी बसून राह्यलात नुसते. मला काय कळत नव्हतं?"

"आणि बाटली? दर रविवारी माझ्या नाकाखाली…"

"तुमचं तोंड बघायला. मला वाटे, आज म्हंतील झालं, आज म्हंतील. तुमी म्हटलं असतं तं दिली असती रशीदभाईला. मला थोडंच कळनार होतं कधी झालं ते!"

ती माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती आणि मी तिचं नाक सांभाळायला थांबलो होतो. बाटली आपली तांदळात.

डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आधी आला असतात तर बरं झालं असतं, पण किती आधी ते काही बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. अजूनही विचारायला जात नाही… निघायच्या दिवशी घरासमोर गाडी उभी राहिली. तिला उचलून आत बसवायला लागलं. मी खाली वाकलो, तिने गळ्यात हात टाकले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "या येळी बरं मला घेऊन पळताय." गल्लीतल्या बायका रडत होत्या आणि आम्ही दोघं हसत होतो. गाडी बोईसरला लागली तशी तिने विचारलं, "आज वारा कसला हाय?" मी नाक बाहेर काढलं. म्हटलं, "खारा हाय. समुद्राकडचा हाय." ती म्हणाली, "मंग बरंय."

ऑपरेशननंतर ती चार शब्द बोलली असेल-नसेल. पुढचं वर लिहिलंच आहे.

दिवस झाल्यावर रशीदभाई भेटायला आले. बाटलीचं नाव त्यांनी काढलं नाही, पण डोळे आतल्या खोलीकडे गेले. मीच उठलो, बाटली आणली, बूच काढलं. त्यांनी हुंगलं, पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाले, "चाचा, ये तो कब की तैयार है." मी बूच लावलं. म्हटलं, अजून नाय. ते चहा पिऊन गेले. चांगला माणूस.

शालू म्हणते, सफाळ्याला चला, इथे एकटे काय करता. जाईन कदाचित. पण रविवार आला की मी साबणाने हात धुतो, तांदळात हात घालतो आणि बाटली काढतो. काढताना दर वेळी धडकी भरते की आज वास आला नाही तर? माझंही गेलं असलं तर? बूच निघतं आणि तो येतो. भीती नसलेला तो वास. परवाच्या रविवारी मी बाटली हातात धरून बसलो होतो, शेजारी तिचा पाट होता, आणि मी मोठ्याने बोललो, "मंजुळे, झालं गं." घरात कोण होतं ऐकायला… मग बूच घट्ट लावलं, बाटली उलटी-सुलटी केली, तिच्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि परत तांदळात खोल ठेवली. त्यातलेच मूठभर तांदूळ काढून भात टाकला. जेवलो. बाहेर पडताना गॅसचं बटण बघितलं. दाराला कडी घातली. पुन्हा आत आलो आणि बटण परत एकदा बघितलं.