पुरुषांच्या रांगेतली विल्मा

विल्मा क्रुकशँक लहानपणापासूनच उंच. तिच्या नाचाचं पुढे जे काही झालं, ते त्या उंचीपायीच झालं. आमच्या किनाऱ्यावर नाताळ जवळ आला की शाळेत मुलांना नाच शिकवायला घेतात. व्यायामाच्या हॉलमध्ये मुलगे एका भिंतीला चिकटलेले, मुली दुसऱ्या. मुलगे कायम कमी भरायचे. कुणाचा पाय दुखायचा, कुणी संडासात जाऊन बसायचा. नाच शिकवणाऱ्या मिस ओग यांनी एकदा विल्माला खालून वर न्याहाळलं आणि सांगितलं, "तू पुरुषांच्या रांगेत उभी राहा." विल्मा उभी राहिली. शाळा सोडल्यावर ती गावच्या हॉलमधल्या मंगळवारच्या वर्गाला जायला लागली. तिथेही मिस ओगच शिकवायच्या, आणि तिथेही पुरुषांचा दुष्काळच. तेव्हा विल्मा दारातून आत आली की कुणी काही सांगायच्या आधीच पुरुषांच्या बाजूला जायची.

तिला नाचाची मनापासून आवड होती. दिवसभर ती बंदरावरच्या शेडमध्ये हॅडक मासे कापायची. पायाखाली ओली फरशी, हात बर्फात. संध्याकाळी पातळ तळव्यांचे मऊ काळे बूट घालून लाकडी जमिनीवर उभं राहिलं की पाय आपलेच आहेत असं पुन्हा वाटायला लागायचं. समोरासमोर दोन रांगा, एका संचात चार जोड्या. पहिल्या जोडीने रांगांच्या पाठीमागून खाली जायचं, मधून वर यायचं, शेजारच्यांशी गुंफण घालायची आणि असं करत करत तळाला पोचायचं, की मग दुसऱ्या जोडीची पाळी. यात कुणी एकट्याने चमकायचं नसतं. आपण वेळेवर पोचलो नाही तर समोरच्याचा हात हवेत राहतो, एवढंच लक्षात ठेवायचं. विल्माने कुणाचा हात कधी हवेत राहू दिला नाही.

म्हणूनच मिस ओग थकून एल्गिनला भाचीकडे राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी हॉलची किल्ली विल्माच्या हातात ठेवली. कुणी शिकवणारं मिळेपर्यंत एवढं सांभाळ, म्हणाल्या. शोधलं कुणीच नाही. कशाला शोधतील? विल्मा मिळाली होती ना.

तीसेक वर्षं तशीच गेली. मंगळवारी सगळ्यांच्या आधी जाऊन हीटर लावायचे, खुर्च्या भिंतीला सारायच्या, जमीन झाडायची, चहाचं पाणी चढवायचं. मग माणसं यायची, ओल्या कोटांसकट आणि आपापल्या दुखण्यांसकट. विल्मा नाच समजावून सांगायची, करून दाखवायची, पुन्हा सांगायची. वाद्यांची तबकडी लावली की नाचणाऱ्यांच्या पुढे एक पाऊल राहून पुढचं सांगत राहायची. संचात पुरुष कमी पडला तर स्वतः उभी राहायची, पण नाचतानाही तोंड सुरूच. डोक्यात सगळ्यांचे पाय. तिचे स्वतःचे पाय काय करताहेत, याकडे बघायला तिला सवड नव्हती. नंतर कप विसळायचे, दिवे घालवायचे. घरी नवरा गिब टीव्हीसमोर डुलक्या घेत बसलेला असायचा. तो जन्मभर ट्रॉलरवर, मासेमारीच्या बोटीवर, होता. हलणाऱ्या जमिनीवर आपण पुरेसं नाचलोय, असं म्हणून त्याने वर्गात कधी पाऊल ठेवलं नाही.

माणसं वाईट नव्हती. डोरीन लोबन होती, केस कापायचं दुकान चालवणारी. वर्गात येऊन तिला युगं लोटली, पण तिला डावं-उजवं कळत नसे. उजवा हात ओळखू यावा म्हणून तिने त्या हातात एक अंगठी घातली, आणि मग अंगठी नक्की कुठल्या हातात घालायची होती ते ती विसरली. ॲलिस्टर मिल्न होता, बस चालवून निवृत्त झालेला, बुटका, पावलाचा पक्का. पुरुषांच्या रांगेत तो विल्माच्या शेजारी उभा असला की लांबून मायलेकरं वाटायची.

विल्माने मधल्या काळात दोनदा सांगून पाहिलं होतं की आता तिच्याने होत नाही. पहिल्यांदा सगळे हसले आणि पुढच्या आठवड्यात तिला फुलं आणून दिली. दुसऱ्यांदा तिने खुब्याच्या दुखण्याचं कारण सांगितलं. तेव्हा वर्गणी काढून तिच्यासाठी गादी लावलेलं उंच स्टूल आणण्यात आलं, म्हणजे बसून शिकवता येईल. विल्मा त्या स्टुलाकडे बघतच राहिली. मग तिने सगळ्यांचे आभार मानले आणि त्यावर बसून शिकवायला लागली.

गेल्या वर्षी मार्चमधला वार्षिक नाच होता. शेजारच्या गावांतून लोक आलेले, पुरुष किल्ट घालून, बायका ठेवणीतले झगे घालून. मंचावर ॲकॉर्डियन आणि फिडल. विल्मा सकाळपासून सँडविच करत उभी होती, तिला बसायला मिळालं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या नाचाला ती माइकवर पुढचं सांगत होती आणि मध्येच तिचा आवाज थांबला. विसरली असं नाही म्हणता येणार. नाच तिला पाठ होता. पण पुढचा शब्द उचलून तोंडापर्यंत आणायला अंगात त्राण नव्हतं. वाद्यं वाजत राहिली. एका संचातली माणसं दुसऱ्या संचात घुसली, कुणी हसलं, कुणी मागे वळून पाहिलं. विल्माने माइक स्टुलावर ठेवला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

डोरीन मागोमाग आली.

"बरं वाटत नाही का गं?"

"बरी आहे."

"मग झालं काय?"

"थकलेय, डोरीन."

"अगं, आज कोण थकलं नाही? बस जरा. चहा देते, मग आपण—"

"तसं नाही. पुढच्या मंगळवारी मी येणार नाही. त्याच्या पुढच्याही नाही."

किटलीत पाणी भरता भरता डोरीन सवयीने हसली. मग तिने विल्माच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि हसणं अर्ध्यावर सोडून नळ बंद केला. विल्माने पर्समधून हॉलची किल्ली काढली आणि सँडविचच्या ताटाशेजारी ठेवली. कोट घातला. बाहेर ॲकॉर्डियनवाल्याने प्रसंग सांभाळून घेत एक साधा वॉल्ट्झ धरला होता. त्या सुरांच्या कडेकडेने ती घरी आली.

चार दिवसांनी मंडळी घरी आली. ॲलिस्टर, डोरीन आणि पोस्टातल्या जोन मॅकेट्टिक. बरोबर लिंबाचा केक. चहा झाला, हवेबद्दल बोलून झालं. मग ॲलिस्टरने विषय काढला. वर्ग बंद पडू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण त्याला गुडघ्यामुळे शिकवणं जमण्यातलं नव्हतं, जोनबाईंना नातवंडं होती, आणि डोरीनचं तर काय सांगायचं. हे सगळं सांगून झालं आणि खोलीत कुणीच काही बोलेना. तिघांच्या नजरा गालिच्यावर. हा अबोला विल्माच्या चांगला ओळखीचा होता. दर वेळी तो तिनेच मोडला होता, "बरं, बघते काय जमतंय" असं म्हणून. या वेळी ती केकचा तुकडा बशीत इकडून तिकडे सरकवत गप्प बसली. शेवटी ॲलिस्टर उठला आणि कोट शोधायला लागला.

ते गेल्यावर गिब म्हणाला, "मला वाटलं, आता तू हो म्हणणार."

"मलाही तसंच वाटलं होतं," विल्मा म्हणाली.

आता वर्ग नाही म्हटल्यावर तिला हुरहूर लागेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तिलाही. तसं काही झालं नाही. झालं ते उलटंच. इतकी वर्षं दाराबाहेर ताटकळत उभा असलेला थकवा आता घरात शिरून ऐसपैस बसला. ती खुर्चीत झोपायची, उठून चहा प्यायची, पुन्हा झोपायची. मंगळवार कुठला आणि बुधवार कुठला, हेही कळेनासं झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. मनात नाचाचा विचारही येत नव्हता, आणि याचीच तिला थोडी भीती वाटली. म्हणजे इतकी वर्षं आपण नुसतं ओझंच उचलत होतो की काय, असं तिने एकदा गिबला विचारलं. ट्रॉलर सोडल्यावर मी वर्षभर समुद्राकडे पाठ करून बसायचो, एवढंच तो म्हणाला.

सप्टेंबरात कळलं की वर्ग पुन्हा सुरू झाला. शिकवत होती डोरीन. दुसरं कुणी पुढे येईना म्हणून तिनेच डोळ्यांवर चष्मा चढवला, हातात पुस्तक घेतलं आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात तिचा विल्माला फोन आला, अमुक ठिकाणी कुठला खांदा आत घ्यायचा ते विचारायला. विल्माने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या वेळी विल्माने गिबला खूण केली. गिबने फोन उचलून ती झोपलीय म्हणून सांगितलं आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "झोपेत मासा बरा खातेस."

ऑक्टोबरात डोरीन स्वतःच दारात उभी राहिली. ती शिकवायला विचारत नव्हती, हे तिने आधीच सांगून टाकलं. आज जोनबाईंची नातवंडं आजारी होती आणि माणसं सातच उरली होती.

"आठवं माणूस नाही तर संच उभा राहत नाही, हे तुला मी सांगायला नको. तू नुसती उभी राहा. तोंड उघडू नकोस."

विल्माला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायचं तर त्यावर बोलत बसावं लागलं असतं. त्यापेक्षा बूट शोधणं सोपं होतं.

हॉलमध्ये हीटर आधीच लागले होते, खुर्च्या भिंतीला होत्या. तिला करण्यासारखं काहीच नव्हतं. ती सवयीने पुरुषांच्या रांगेकडे चालायला लागली, तर डोरीन म्हणाली की आज पुरुष पुरेसे आहेत. खरंच होते, शाळेत नव्याने आलेला मास्तर आला होता आणि त्याने एका मित्रालाही ओढून आणलं होतं. विल्मा मधोमध थबकली. ॲलिस्टरने समोरून हात पुढे केला आणि बायकांच्या रांगेकडे मान हलवली.

"इतकी वर्षं एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिलो आपण," तो म्हणाला, "नाचताना तुझं तोंड समोरून आजच बघतोय."

"खांद्याला खांदा कुठला? तुझा खांदा माझ्या कोपराला लागायचा."

वाद्यांची तबकडी लागली. सगळे लवले. विल्मा आणि ॲलिस्टर पहिली जोडी. रांगेच्या पाठीमागून खाली जायचं होतं, आणि विल्मा आयुष्यभर वळत आली तशी डावीकडे वळली. या बाजूला उजवीकडे वळायचं असतं. ती थेट शेजारच्या बाईवर आदळली.

"उजवीकडे, विल्मा," डोरीन पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. "उजवं ते तुझं."

डोरीनने कुणाला उजवं शिकवावं, हे पचवायला सगळ्यांनाच वेळ लागला. मग ॲलिस्टर हसायला लागला, आणि त्याच्यामागून शेजारची बाईही. विल्मा उजवीकडे वळली. पुढे गुंफणीत ती पुन्हा चुकली, आणि नंतरही. ज्या नाचातलं पाऊल न् पाऊल ती झोपेतून उठून सांगू शकली असती, त्याची ही दुसरी बाजू तिने फक्त दुसऱ्यांना शिकवली होती. तिच्या पायांना ती कुणीच शिकवली नव्हती. पण जिथे ती अडायची तिथे कुणाचा ना कुणाचा हात पुढे यायचा, कुणी भुवयांनी दिशा दाखवायचं, ॲलिस्टर हनुवटीने. ती त्या हातांना धरत पुढे जात राहिली. आता पुढे काय, ते तिला माहीत नव्हतं. आणि ते माहीत असणं आज तिचं काम नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा ती तळाच्या जागी पोचलेली होती, आणि तिला धाप लागली होती. खुबा ठणकत होता. उरलेली संध्याकाळ ती चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली. कप कुणीतरी दुसऱ्यानेच विसळला.

त्यानंतर ती दर मंगळवारी जायला लागली असं काही नाही. अंगात ताकद असली तर जाते, नसली तर नाही, आणि नसते असेच मंगळवार जास्त. वर्गात माणसं कमीच आहेत; कधी संच भरतो, कधी नुसता चहा होतो. डोरीन अजूनही चुका करते. आपल्याकडून काही सुटलं आणि सूर उरले, तर ते उरलेले सूर भरायला सगळ्यांना जागच्या जागी एक गिरकी घ्यायला लावते. लोकांना आता त्याची सवय झाली आहे.

यंदा बॅन्फच्या वसंतातल्या नाचाला आमच्या गावचा एक पुरा संच गेला. विल्माही होती, बायकांच्या रांगेत. एका जुन्या रील नाचाच्या शेवटी बाकी सगळे संच शांतपणे आपल्या जागी येऊन उभे राहिले, आणि आमच्या आठही जणांनी झोकात एक जादा गिरकी घेतली. नाच संपल्यावर तिथल्या एक वयस्कर बाई मुद्दाम विल्मापाशी आल्या. हे वळण त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. हा तुमच्याकडचा जुना प्रकार आहे का, आणि तुम्हाला नाच कुणी शिकवला, असं त्यांनी आदराने विचारलं.

विल्माने पलीकडे पाहिलं. डोरीन चहाच्या टेबलापाशी कुणाला तरी हातवारे करून काहीतरी समजावत होती.

"डोरीन लोबनने," विल्मा म्हणाली, आणि बसायला खुर्ची कुठे आहे ते बघायला लागली.