मला काय धाड भरलीये?

इस्त्रीवाल्या काकूंना कुणीही "कशा आहात?" म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीये?" आणि हातातली इस्त्री पुढे सरकायची.

दुकान नवरा-बायकोचं. टेबलं दोन, पंखा एक, तोही काकांकडे वळलेला. काकांची कंबर धरली तेव्हा पट्टा आला, गोळ्या आल्या, रोजचं दूध सुरू झालं. उरलं तर काकू घेणार होत्या. ते कधी उरलं नाही. सासऱ्यांचा दमा, मुलाचा ताप, काकांची कंबर, सगळ्यांसोबत दवाखान्यात काकूच. भिंतीकडच्या बाकावर बसून पेशंटच्या आधी घडाघडा सांगायच्या. देवाजवळही सगळ्यांची तब्येत मागायच्या. त्यात स्वतःचं तेवढं राहून जायचं.

हल्ली गाठोडं घेऊन जिना चढताना त्यांना धाप लागे. "वय झालं," म्हणायच्या. एका दुपारी टेबल धरता धरता त्या खालीच बसल्या. शर्ट करपल्याचा वास आला तेव्हा काकांनी मान वर केली. या बाईने आजवर कुणाचा रुमालही जाळला नव्हता.

"चल दवाखान्यात."

"अहो, मला काय..."

"ते तिथे सांग."

आत गेल्यावर काकू सवयीने बाकावर बसल्या, काका सवयीने स्टुलावर. डॉक्टरीणबाईंनीही सवयीने काकांच्याच दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

"यांची कंबर आता बरी आहे हो," काकूंनी सुरुवात केली, "पण वाकलं की..."

"अगं बाई, थांब!" काका ताडकन उठले. "डॉक्टरीणबाई, पेशंट ती आहे. मी सोबतचा."

तिघंही हसली. मग बाईंनी काकूंची पापणी खाली ओढून पाहिली आणि त्यांचं हसू गेलं. आत सगळं पांढरंफटक.

"रक्त कुठे गेलं, काकू? कधीपासून होतंय हे?"

घरातल्या प्रत्येकाचं दुखणं तोंडपाठ असलेल्या काकू बोटांवर महिने मोजू लागल्या, पण हिशेब लागेना. बाईंनी आता बाकावर बसलेल्या काकांकडे पाहिलं.

"मलाही ठाऊक नाही," काका खाली मान घालून म्हणाले.

"जेवता कधी?"

"सगळ्यांचं झालं की."

"तोवर उरतं काय?"

"भांडी," काकू म्हणाल्या.

रक्ताची तपासणी झाली, औषध सुरू झालं. पंखा आता दोन टेबलांच्या मधोमध फिरतो, आणि गाठोडी काका वाहतात, कण्हत कण्हत. दूध आधी काकूंना. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय काकू, कशा आहात?"

"मला काय धा..."

काका मोठ्याने खाकरले.

"धाप लागते," काकू म्हणाल्या. "पण आता कमी आहे."