हाक मारेल असा टॅब

मंदाताई कापड कधी सरळ बाजूने पाहत नसत. रायपूरच्या पंडरी कापडबाजारात दुकानदार मोठ्या हौसेने साडी गादीवर पसरायचा, पदर दाखवायचा, आणि या बाई ती शांतपणे उलटी करून मागचे धागे चाचपत बसायच्या. "भैया, सामने से तो सब अच्छेच दिखते हैं. पीछे का बताओ." सात दुकानं फिरल्याशिवाय त्यांनी साधं ब्लाउजपीस कधी घेतलं नाही. कॉलनीतल्या कुठल्याही लग्नाचा बस्ता त्यांच्याशिवाय बांधला जात नसे. मी आपली पिशवी धरून मागे उभी. मला पहिलं दाखवलेलंच आवडतं. "वहिनी, तुमाले तं कोणीबी फसवन," त्या म्हणायच्या, आणि ते खरंच आहे.

समता कॉलनीत त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यांचे यजमान रेल्वेत, माझेही रेल्वेत. दोघेही आता नाहीत. त्यांचा अमोल नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात. सकाळी गाडी काढली की दिवेलागणीलाच परत. म्हणजे दिवसभर आम्ही दोघी, आणि मधे ती भिंत. काही लागलं की मंदाताई मागच्या दारात येऊन हाक मारायच्या, "वहिनीऽऽ, या बरं!" चार घरं सोडून झोपलेला कुत्रा उठून बसावा असा खणखणीत आवाज.

तर एके दिवशी पंडरीत त्यांना "पाचशे" म्हणता येईना. ओठ हलले, जीभ आतल्या आत कुठे अडकली, आणि जे बाहेर आलं ते कोणालाच कळलं नाही. ओळखीचा दुकानदार हसला, "क्या आंटी, आज मुँह में दो-दो पान?" एरवी त्याला त्यांनी सोडला नसता. त्या दिवशी उठल्याच. रिक्षात घरापर्यंत माझं मनगट धरून बसल्या होत्या. त्यांची बोटं गार पडलेली मला अजून आठवतात.

महिनाभर तपासण्या झाल्या. डॉक्टर भला माणूस होता, त्याने फिरवून सांगितलं नाही. नसांचा आजार आहे, म्हणाला. आधी बोलणं जाईल, मग गिळायला त्रास होईल, हातही कमजोर होतील. किती दिवसांत, ते कोणी सांगू शकत नाही. "एक टॅब घ्या. त्यात चौकोन करता येतात. प्रत्येक चौकोनात एक वाक्य. बोट लावलं की तो बोलतो. आणि माजी, अपनी ही आवाज़ में भर लीजिए, जब तक है." बाहेर आल्यावर मंदाताई एवढंच म्हणाल्या, "चांगला पाहून घेऊ." मला धीर आला. चांगलं पाहून घेण्यात त्यांचा हात धरणारं कोण होतं?

आणि मग सुरू झालं ते निवडणं. अमोलने कॉम्प्युटरवर मोठा तक्ता केला. कुठला टॅब किती इंच, बॅटरी किती तास, आत जागा किती. तो मराठी समजतो सगळं, बोलतो मात्र हिंदीत. "आई, असली फ़र्क ऑपरेटिंग सिस्टम का है. दोनों की अलग-अलग है." मी विचारलं, म्हणजे काय रे बाबा? त्याने अर्धा तास समजावलं. एकात सगळं कंपनीच्या शिस्तीत चालतं, बाहेरचं काही सहज आत येत नाही. दुसऱ्यात हवं ते बसवा, हवं तसं मांडा, पण लक्ष आपलं आपण ठेवायचं. मला ढिम्म कळलं नाही. मंदाताई तेव्हा अडखळत का होईना, बोलत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, सासर हो. पोट्टी तीच, सासर दुसरं. एका घरी सारं जागच्या जागी, पण फडताळाची चावी सासूपाशी. दुसऱ्या घरी चावी आपल्यापाशी, पण दुधावर मांजर आलं तं आपणच हाकला." अमोल हसता हसता खुर्चीतून पडायचा राहिला.

तो हसला, मी हसले. पण "फडताळ" म्हणायला त्यांना दोनदा थांबावं लागलं होतं, ते मी ऐकलं होतं.

दर रविवारी दुकानं झाली. पंडरीची झाली, मॉलमधली झाली. प्रत्येक टॅब त्या हातात घेत, उलटा करत, पाठ चाचपत. याची आवाजाची जाळी खालच्या बाजूला आहे, मांडीवर ठेवला तर आवाज दबेल. त्याची पाठ गुळगुळीत आहे, हातातून सुटेल. सगळी कारणं खरी. एक महागडा अमोलला फार पसंत होता, तर त्याचं नवं मॉडेल येणार असं कळलं, मग त्यासाठी थांबणं झालं. तोवर मंदाताईंचा "र" गेला. मग "ळ" गेला. शब्दांच्या कडा झिजत चालल्या. मी सोडून बाकीच्यांना अर्धं कळेना.

एकदा मी धीर करून म्हटलं, "ताई, टॅब येईल तेव्हा येईल. माझ्या फोनमध्ये तरी थोडं बोलून ठेवा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातलं काही चोरलंय. "काहून? गेली काय माझी बोली?" आणि तोंड फिरवलं.

तेव्हा मला कळलं, त्या टॅब निवडत नव्हत्या. जोवर निवडणं चालू आहे, तोवर तो आजार पुरता घरात आलेला नाही, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं. मला कळलं, आणि मी गप्प बसले. कारण भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू. दुपारी मी टीव्ही लावणं बंद केलं. भिंतीला लागून खाट होती, तिच्यावर नुसती पडून राहायची. पलीकडे भांडं वाजलं की बरं वाटायचं. नाही वाजलं की उठून भिंतीला कान लावायची. पण हाक यायचीच नाही असा दिवस येईल, हे तोंडाने म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तो दिवस आलाच. दुपारचे दोन वाजले असतील. भिंतीतून काहीच नाही. मी म्हटलं, झोपल्या असतील. पंधरा मिनिटं गेली असतील, मग ठक, ठक, अगदी हळू. मला वाटलं, कोणी खिळा ठोकून राहिलं. मग थांबलं. ते थांबल्यावर मात्र मी उठलेच. मागच्या दाराने गेले तर मंदाताई मोरीत पडलेल्या, हातात स्टीलचा मग. तोंड उघडं, डोळे दाराकडे. त्या हाक मारत होत्या, बरं का. पूर्ण ताकदीने मारत होत्या. तोंडातून नुसती हवा निघत होती.

मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. पदराने तोंड पुसलं. हाड मोडलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी आवाज जुळवला. "वहिनी... किती वेळ... मारून राहिली मी." खिळा वाटला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्याच दिवशी अमोलला सुट्टी घ्यायला लावून आम्ही दुकानात गेलो. मंदाताईंनी दोनच टॅब मागितले, दोन्ही सासरचा एकेक. अमोलकडून दोन्हींत नमुन्याचे चौकोन टाकून घेतले, मग दोन्ही बंद करून काउंटरवर ठेवायला लावले. मग डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला, कारण उजवा आता थरथरायचा. पहिल्याने आधी ओळख मागितली. बोट घसरलं, त्याने पुन्हा मागितली. दुकानदार म्हणाला, "सेटिंग से निकल जाएगा माताजी." निघतही असेल, पण त्या वेळी त्याला ते सापडलं नाही. दुसऱ्याचं कुलूप त्याने काढून दाखवलं. उघडला की समोर थेट चौकोन, तळहात पडला तरी बोलणार. मंदाताईंचा अंगठा पडला आणि तो टॅब एकदम ओरडला, "नमस्कार!" दुकानातली चार माणसं वळून पाहायला लागली. मंदाताईंनी डोळे उघडले. "हव. हाच."

"आई, ये दो साल में स्लो हो जाएगा," अमोल म्हणाला.

मंदाताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. रागाने नाही. "दोन सालं?" त्यांनी विचारलं.

अमोल पाठ फिरवून पाकिटात कार्ड शोधू लागला. बराच वेळ शोधत होता.

संध्याकाळपासूनच भरायला बसलो. पाणी. नको. पोळी बारीक करा. पंखा. अमोल, जेवला काय? आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठा, लाल चौकोन: "वहिनी, या." आवाज फाटका, शब्द एकमेकांत कालवलेले. अमोलने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, इसमें मशीन वाली मराठी आवाज़ भी है. एकदम साफ़. वो रख दें? ये किसी को समझ में नहीं आएगा."

"कोणाले समजाले पायजे?" मंदाताईंनी माझ्याकडे बोट केलं. "यायले समजते." मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून हळूच, "आन् तुले शिकाव लागन, पोट्ट्या."

मला मनातून रडूच येत होतं. सहा महिन्यांपूर्वीचा तो खणखणीत आवाज या चौकोनांत बसला असता. सात दुकानांत आम्ही तो सांडून आलो होतो, आणि मी पिशवी धरून मागे उभी होते. आयुष्यात एकदाच, पहिलं दाखवलं ते घ्या, असं मी त्यांना म्हणायला हवं होतं.

पण त्या टॅबने काम केलं, त्याला नावं ठेवणार नाही. आवाज भिंतीतून यायचा आणि मी हातातलं टाकून पळायची. कधी उशी सरकलेली असायची, कधी घास अडकलेला. घास अडकला की त्यांचे डोळे विस्फारायचे आणि बोट लाल चौकोनावर टकटकत राहायचं, "वहिनी, या. वहिनी, या. वहिनी, या," मी शेजारी उभी असले तरी. घास सुटेपर्यंत मी पाठीवर थापा मारत राहायची. पुढे पुढे रोजच असं होऊ लागलं. पावसाळा सरता सरता त्या गेल्या, दवाखान्यात, अमोल जवळ असताना. मी नव्हते.

त्याच्या आठ-दहा दिवस आधीची एक दुपार मात्र सांगायची आहे. हाक आली, मी गेले. पाणी विचारलं, मान हलवली, नको. उशी? नको. पंखा? नको. मला वाटलं, चुकून बोट लागलं असेल. निघाले तर त्यांनी पदर धरला. मग टॅब जवळ ओढून चौकोनांचं दुसरं पान उघडलं. तिथे मी कधी न पाहिलेला एकच चौकोन होता. रंग नाही, चित्र नाही. कधी भरला असेल, कोण जाणे; मी घरी गेल्यावर, जीभ थोडी चालत होती तेव्हाच कधीतरी, एकट्या बसून. त्यांनी अंगठा ठेवला.

"मले भेव लागून राहिलं."

वीस-बावीस वर्षांचा शेजार आमचा. या बाईच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं. काहीतरी चांगलं बोलावं, देवाचं नाव काढावं, असं मनात आलं. पण ज्या बाईला आयुष्यभर कोणी वरवरचं दाखवून फसवू शकलं नाही, तिला मी काय सांगणार? मी त्यांच्या खाटेवर बसले, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि म्हटलं, "मलेही."

त्यांनी डोळे मिटले. अंगठा त्या चौकोनावरून काढून माझ्या मनगटावर ठेवला. अमोलची गाडी दारात येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.