उतारावरची परीक्षा

माझ्या धाकट्या भावाने चाळीस वर्षं लोकांच्या मोटारसायकली दुरुस्त केल्या. जड गाडी घेणारे आधी त्याला विचारत आणि तो एकच परीक्षा घेई. गाडी उतारावर तोंड खाली करून लावायची आणि एकट्याने मागे ओढायची. "चालवता सगळ्यांनाच येते. मागे घेता येत नसेल त्याने स्कूटर घ्यावी." भल्याभल्या गड्यांना त्याने असं नापास केलं.

परवा, सदुसष्टाव्या वर्षी, तो स्वतःसाठी गाडी बघायला निघाला, मला घेऊन. जुन्या वळणाची क्रूझर होती, गोल दिव्याची, बसक्या सीटची. चक्कर मारून आला तो लग्न ठरल्यासारखा.

"ताई, वळणावर जराही डगमगत नाही गं!"

"मग घे आणि चल घरी."

"परीक्षा राहिलीय."

शोरूमच्या उतारावर त्याने गाडी लावली आणि ओढू लागला. तोंड लालबुंद झालं, गाडी तसूभर हलेना. विक्रेता धावला. "काका, मी ढकलू?"

"तू काय माझ्याकडे राहायला येणार आहेस?" भाऊ खेकसला. मग गाडीवरून असा हात फिरवू लागला की मला बघवेना. मी माझी पर्स विक्रेत्याच्या हातात कोंबली आणि समोरून हँडल धरून रेटलं. गाडी निमूट मागे आली.

"पास!" तो ओरडला.

"एकट्याने ना रे, लबाडा?"

"तू काय परकी आहेस?" म्हणत तो सही करायला पळाला. तेवढ्यात मी दुसरं हेल्मेट घालून बघितलं. बरं बसत होतं.