लाँगक्लॉथमधली चिनी माती

मिसेस परेरांनी धुतलेली चादर मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर पसरली. मग साहेबांचंच वर्तमानपत्र उचलून तिच्याखाली सरकवलं आणि वरून वाचायला लागल्या.

"शिवाजी पार्कवर आज संध्याकाळी जाहीर सभा." एवढं वाचून त्यांनी मान वर केली. "साहेब, ही चादर आहे का चष्म्याची काच?"

मिसेस परेरा एका धर्मादाय प्रसूतिगृहाच्या मेट्रन होत्या. राहायला माझगावला. आमच्या लालबागच्या गिरणीचं सात नंबरचं लाँगक्लॉथ, म्हणजे साधं पांढरं सुती कापड, त्यांच्या प्रसूतिगृहानं चादरींसाठी आणि बाळांच्या दुपट्यांसाठी घेतलं होतं. आणलं तेव्हा कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं. पहिल्या धुण्यात त्याची मच्छरदाणी झाली.

आमचे मॅनेजर पाटकरसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, नवं कापड धुतल्यावर थोडं मोकळं होतंच. सगळ्याच गिरण्यांचं होतं."

"ते मोकळं होऊ द्या हो. पण न धुतलेल्या दुपट्यात बाळ गुंडाळलं की अंगाला पांढरी पूड लागते. मला वाटलं, वॉर्डातल्या आया पावडर जास्त टाकतात. एका आयाला मी फुकट बोल बोल बोलले. बिचारी रडली. पोरांच्या मांड्यांवर पुरळ उठलंय, ते वेगळंच."

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे कांबळे, आमचे केमिस्ट. ते तपासतील."

मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. म्हणजे साहेबांच्या मनात आलं तर उद्या घरी. मिसेस परेरा गेल्यावर साहेबांनी तपासणीचा निकालही मला तिथेच सांगून टाकला. "प्रचलित पद्धतीप्रमाणे कापड ठीक आहे, असं लिहा. आणि मला उद्या दाखवा."

ही प्रचलित पद्धत काय, ते सांगतो. कापड विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात. खळ म्हणजे स्टार्चची पेज. कापड ब्लीच करायच्या आधी ती धुऊन काढतात. ब्लीच झालेलं कापड मरगळलेलं दिसतं, म्हणून फिनिशिंग खात्यात त्याला पुन्हा थोडी खळ देऊन गरम रुळांतून काढतात. इथपर्यंत सगळं रास्त आहे. पण त्या खळीत चिनी माती मिसळता येते. ही पांढरी, मैद्यासारखी बारीक माती धाग्यांमधल्या फटी बुजवते. सूत कमी घातलेलं विरळ कापड त्यामुळे दाट दिसतं आणि हाताला जड लागतं. गिऱ्हाईक दुकानात कापड चिमटीत धरून म्हणतं, "वा, भारदार आहे." तो भार मातीचा असतो.

मी न धुतलेल्या कापडाच्या एका तुकड्याचं वजन केलं, तो उकळला, पुन्हा पुन्हा धुतला, वाळवला, परत वजन केलं. चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कापड गटारात गेलं होतं.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग?"

"साहेब, आपण गिऱ्हाइकाला माती विकतोय."

"कांबळे, गिऱ्हाइकाला जड कापड हवं असतं. आपण जड कापड देतो. आजवर एकानं तक्रार केली नाही."

"मेट्रनबाईंनी केली ना."

"त्यांनी चादरीखाली पेपर ठेवला. लोक ठेवत नाहीत."

खरं सांगायचं तर साहेब खोटं बोलत नव्हते. त्या संध्याकाळी भोईवाड्याला घरी आलो तर आई नवं पातळ बादलीत बुडवत होती. पाणी दुधासारखं झालं होतं. मी विचारलं, "हे काय निघतंय?"

"खळ निघतीय. नव्या कापडाची निघतीच."

"एवढी?"

"मग? कांद्याची सालं काढतोस तेव्हा भाजीवाल्याशी भांडतोस का?"

आमच्या नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राचा एक मोठा फलक लागला होता. पोरांनी आमच्याच गिरणीचं कापड आणून पेंटरकडून रंगवून घेतला होता. वाऱ्यानं कापड फडफडलं, तशी माती तडकली आणि तिच्याबरोबर रंगाचे पोपडे पडले. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' मधलं शेवटचं 'च पाहिजे' गळून गेलं. राहिलं ते 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला'. पेंटर शिडी घेऊन आला, पण लोकांनी त्याला परत पाठवलं. म्हणाले, वाचायला बरं वाटतं, राहू दे. कापड कुठल्या गिरणीचं, असं मात्र कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायचा बाजूला ठेवून मी एक अख्खा तागा घेऊन लॅबच्या मागच्या हौदात उकळून धुतला. पाणी रात्रभर निवळू दिलं. सकाळी तळाशी पांढरा साका बसला होता. तो कापडातून गाळून घेतला, तर दोन्ही हातांत मावेना एवढा गोळा झाला. पहिला विचार आला, की हा साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटावा. पण मातीचा गोळा कोणीही शिपायाला सांगून फेकून देतो. साहेबांना फेकवणार नाही असं काहीतरी त्याचं करायला हवं होतं.

गोळा फडक्यात बांधून मी गणेश गल्लीजवळच्या घागनानांकडे गेलो. नाना मूर्तिकार. आमच्या गिरणीचा गणपती दरवर्षी तेच करत. आमची ओळख वेगळ्या वाटेनं झाली होती. धर्मांतरानंतर घरातला देव्हारा गेला आणि वडिलांना बुद्धाची मूर्ती हवी होती. नानांनी तोवर बुद्ध कधी केला नव्हता. आमच्या वडिलांना समोर बसवून, विचारत विचारत त्यांनी तो केला. डोळे इतके शांत जमले होते, की वडिलांनी घरी येईपर्यंत मूर्ती कोणाच्या हातात दिली नाही.

नानांनी गोळ्यात अंगठा रोवला. "खंयची रे माती ही? शाडू नाय."

"सात नंबरच्या लाँगक्लॉथची."

मी सगळं सांगितलं. नाना आपल्या अंगावरच्या धोतराकडे बघत राहिले. "म्हणजे मी माती नेसून माती मळतंय?"

"यातून काही होईल का?"

"भुसभुशीत आसा. पण आत कापसाचे तंतू आसत, ते धरून ठेवतले. थोडो डिंक घालूया. काय करू? उंदीर?"

"पाटकरसाहेब करा."

नाना बराच वेळ खुसखुसत होते. साहेबांना ते दरवर्षी गणपतीच्या आरतीला जवळून बघत. टक्कल, चष्मा, भरघोस मिशी, वर उचललेली हनुवटी. रविवारी मी गेलो तेव्हा वीतभर उंचीचे पाटकरसाहेब फळीवर वाळत होते. दोन्ही बाजूंना अर्धे झालेले गणपती. रंग नको म्हणून मी आधीच सांगितलं होतं. पांढऱ्याशुभ्र पुतळ्याला नानांनी बारीक तारेचा चष्मा मात्र घातला होता.

सोमवारी पुतळा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"घागनानांनी केलाय, साहेब."

साहेबांनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. टकलावरून हात फिरवला. आधी पुतळ्याच्या, मग स्वतःच्या. "नाक थोडं मोठं झालंय," म्हणाले. पण चेहरा फुलला होता. त्यांनी टेलिफोन बाजूला सरकवला आणि त्या जागी पुतळा ठेवला. माती कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

माझा बेत एवढाच होता, की एक-दोन दिवसांनी साहेब एकटे असताना हळूच सांगायचं. ते हसले तर हसले, नाहीतर नोकरी गेली. पण त्याच आठवड्यात मिसेस परेरा पुन्हा आल्या आणि या वेळी एकट्या नव्हत्या. बरोबर प्रसूतिगृहाचे एक ट्रस्टी होते, ते आमच्या गिरणीच्या मालकांच्या, शेटजींच्या, ओळखीचे निघाले. त्यामुळे स्वतः शेटजी साहेबांच्या केबिनमध्ये येऊन बसले. मला बोलावणं आलं. चादर पुन्हा टेबलावर होती.

साहेब सांगत होते, "आमच्या केमिस्टनी सगळं तपासलंय. कापडात काही दोष नाही."

शेटजींचं लक्ष चादरीकडे नव्हतं. त्यांनी पुतळा उचलला होता. ते आयुष्यभर कापड चिमटीत धरून बघत आले होते. तसंच त्यांनी पुतळ्याच्या खांद्यावर बोट घासलं.

"पाटकर, काम फर्स्ट क्लास आहे. एकदम बारीक माती. कुठून आणली?"

साहेबांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. "कांबळे, सांगा शेटजींना."

तिथे खोटं सुचलं असतं तरी सांगता आलं नसतं. शेटजींच्या बोटाला पूड लागली होती आणि मिसेस परेरा त्या बोटाकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "आपल्या सात नंबरच्या लाँगक्लॉथमधून, शेटजी. एका ताग्यातून निघाली."

साहेबांची मिशी थरथरली. पुतळ्याची आपली तशीच होती.

शेटजींनी विचारलं, "एका ताग्यातून एवढी?"

"थोडी उरलीय. नाना म्हणाले, अजून एक छोटा पुतळा होईल."

"कुणाचा?"

"ते काही ठरलं नाही, शेटजी."

आधी मिसेस परेरा हसल्या. तोंडाला रुमाल लावून, खांदे हलवत. मग ट्रस्टी. शेटजींनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. साहेब एकटे कोरडे राहिले.

मिसेस परेरा म्हणाल्या, "पुतळा छान आहे. पण मला चादरी पाहिजेत. बाळांना वर्तमानपत्र वाचायचं नाही."

प्रसूतिगृहाचं सगळं कापड बदलून दिलं गेलं. बिनमातीचं, भरपूर सुताचं. पुढे एकदा मी तिथे गेलो, तर ज्या आयाला फुकट बोलणी बसली होती तिनंच मला नवी दुपटी दाखवली. "आता कुणाला पुरळ नाही," म्हणाली. मेट्रनबाईंनी तिची माफी मागितल्याचंही तिनं दोनदा सांगितलं.

हे झालं प्रसूतिगृहाचं. बाकी दुनियेचं काय झालं, तेही सांगायला हवं. शेटजींना बिनमातीच्या कापडाची कल्पना फार आवडली. त्यांनी 'स्पेशल शुद्ध फिनिश' असा शिक्का करून ते चढ्या भावानं बाजारात आणलं. मातीचं कापड जुन्या भावानं चालूच राहिलं. आणि गंमत म्हणजे स्पेशल कापड दुकानांतून परत यायला लागलं. गिऱ्हाइकं म्हणत, हे हाताला हलकं लागतं, यात गिरणीनं काहीतरी फसवलंय.

मला नोकरीत कायम केलं. साहेबांचा राग जाता जात नव्हता. पण शेटजींनीच हसून सोडलेल्या माणसाला त्यांना काढता येईना. मग त्यांनी मला लॅबमधून उचलून फिनिशिंग खात्यात टाकलं. काम काय, तर खळीत चिनी माती किती पडते त्यावर देखरेख. "तुम्हाला मातीची फार आवड आहे ना?" एवढंच म्हणाले.

ही त्यांची चूक झाली. खळीचं माप आता माझ्या हातात होतं. मी दर महिन्याला माती किंचित कमी करत गेलो. इतकी किंचित, की फिनिशिंग मास्तरच्या चिमटीलाही कळू नये. विणाई खात्यातल्या माझ्या एका दोस्तानं तिकडे सूत थोडं थोडं वाढवायला लावलं. दीड-दोन वर्षांत सात नंबर बऱ्यापैकी कापड झालं. दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश, खुद्द साहेबही एकदा म्हणाले की हल्ली तक्रारी येत नाहीत, जुनी पद्धतच बरी.

मी मान डोलावली. या धंद्यात मी एवढंच शिकलो. सवयीची फसवणूक एकदम बंद केली तर लोकांना आपण लुबाडले गेलो असं वाटतं. ती उतरवायची तर जशी चढवली तशीच, गुपचूप आणि थोडी थोडी उतरवावी लागते.